येट्स, कॅव्हना, हीनी : आयर्लंडमधल्या कवितेच्या जागा पायी पाहायच्या तर

आडवाट

आयर्लंडच्या सहलींचे धागे इथे पुष्कळ आहेत, पण बहुतेक डब्लिन आणि मोहरच्या कड्यांपाशी संपतात. हा धागा कवींच्या मुलखातून पायी फिरण्याबद्दल. येट्सचं स्लायगो, गॉर्टजवळचं कूल पार्क, कॅव्हनाचं इनिस्कीन, हीनीचं बेलाही. वाटाड्या घेऊन किंवा आपलं आपण. जागांची यादी कुठल्याही माहितीपत्रकात मिळते. इथे लिहायचं ते हे, की कोणती कविता कुठे उभं राहून वाचली तर काही पदरात पडतं आणि तिथे कधी पोहोचायचं. या सगळ्या भागात अंतरं किरकोळ आहेत. अडवतात त्या वेळा. भरती, तळ्याची पातळी, उजेड, ढग.

स्लायगोपासून सुरुवात करते. डब्लिनच्या कॉनली स्थानकातून थेट रेल्वे आहे, साधारण तीन तास. मुक्काम गावातच ठेवावा, निदान तीन रात्री. येट्सचा जन्म डब्लिनचा (१८६५), पण आजोळ स्लायगोचं, त्यामुळे लहानपणच्या सगळ्या जागा इथल्या.

पहिली दुपार गावात. हाइड ब्रिजजवळची येट्स मेमोरियल इमारत, तिथे येट्स सोसायटी आहे. यांची आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा १९६० पासून भरते, जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा अभ्यासकांबरोबर फिरायला मिळतं, पण गावात खोली मिळवताना नाकी नऊ येतात. पुलापलीकडे रोवन गिलेस्पीने केलेला येट्सचा पुतळा आहे (१९८९). अंगरख्यावर कवितांचे शब्द उठवलेले आहेत. दहा मिनिटं पुरे.

दुसरा दिवस लॉख गिल तळ्याच्या दक्षिण काठाचा : डूनी रॉक, स्लिश वुड, इनिसफ्री, याच क्रमाने, पश्चिमेकडून पूर्वेला. आर२८७ हा रस्ता तिन्ही जागांजवळून जातो. डूनी रॉकची वाट छोटी आहे, पण शेवटचा चढ ओल्या मुळांवरून आहे. वरून तळं पसरलेलं दिसतं. 'फिडलर ऑफ डूनी' इथे वाचायची. वीस ओळी, नाचाच्या ठेक्याच्या, मुलंसुद्धा ऐकतात. स्लिश वुड म्हणजे 'द स्टोलन चाइल्ड'मधलं स्लूथ वुड. इथून स्लायगो वे ही लांब पल्ल्याची पायवाट जाते, तिच्या खुणांमागे तळ्याकाठाने हवं तेवढं चालून परत फिरता येतं.

इनिसफ्रीबाबत आधीच सांगून ठेवते, कारण निराश होणारे इथेच होतात. बेट म्हणजे झाडाझुडपांचा एक पुंजका. मुख्य रस्त्यावरून अरुंद गल्लीने खाली एका धक्क्याशी पोहोचायचं आणि बेटाकडे पाहायचं. उतरायची सोय नाही, झोपडी नाही, मधमाश्या नाहीत. मोठी बस त्या गल्लीत वळत नाही, हे गट नेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पण ही कविता मुळात लांबूनच सुचलेली आहे : १८८८ साली लंडनमध्ये फ्लीट स्ट्रीटवरून जाताना दुकानाच्या खिडकीतल्या कारंज्याचा आवाज ऐकून. तेव्हा काठावर उभं राहून न पोहोचता वाचणं हेच कवितेला धरून आहे. बारा ओळी. वाचण्याआधी येट्सच्या आवाजातलं १९३० च्या दशकातलं ध्वनिमुद्रण ऐकून ठेवा. तो जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखी म्हणतो, बोलल्यासारखी नाही.

तिसरा दिवस ड्रमक्लिफ, लिसाडेल आणि ग्लेनकार. त्यावर पुढे सविस्तर लिहिते. नॉकनरे हा जवळचा डोंगर कोणत्या दिवशी चढायचा ते ढगांवर सोडा.

गलबत

चांगला धागा. स्लायगोच्या समुद्राकडच्या बाजूबद्दल भर घालतो, कारण तिथे चुकलं तर नुसता विरस होत नाही, जिवावर बेततं.

'रेड हॅनरहन्स साँग अबाउट आयर्लंड' या पंधरा ओळींच्या कवितेत कमीन स्ट्रँडवर मोडून पडणारी काटेरी झाडं आहेत आणि नॉकनरेवर साठलेले ढग आहेत. ही दोन्ही ठिकाणं एकाच जागेवरून दिसतात, ती म्हणजे स्लायगो ते स्ट्रँडहिल रस्त्यालगतची कमीनची पुळण. तिथून ओहोटीला वाळूवरून चालत कोनी आयलंडवर जाता येतं. वाट दाखवायला चौदा दगडी खांब आहेत. खांबांची रांग सोडून 'जवळचा रस्ता' शोधायचा नाही. बाजूला मऊ गाळ आणि पाण्याच्या नाळा आहेत.

गणित कोकणातल्या खाडीचंच. दिवसात दोन भरत्या, दोन सुकत्या (म्हणजे ओहोट्या), दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, म्हणून रोजची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वाळू जास्त उघडी पडते, पण पाणी परत येतं तेही झपाट्याने. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) कधी कधी वाट पुरती मोकळीच होत नाही. नियम : पाणी उतरत असतानाच निघायचं, सुकतीच्या तळाला बेटावर असायचं आणि तळानंतर तासाभरात परतीची वाळू ओलांडून झालेली हवी. बेटावर रेंगाळायचं असेल तर पुढच्या सुकतीपर्यंत थांबायच्या तयारीनेच जा.

फसगत होते ती अशी. काही भरती-कोष्टकं ग्रीनिच वेळेत छापलेली असतात. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर आयर्लंडचं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा कोष्टकातल्या वेळेत एक तास मिळवायचा. हा तास विसरला तर आपण तासभर लवकर निघतो आणि पाणी अजून पुरतं उतरलेलं नसताना वाळूवर असतो. दुसरं, पश्चिमेचा जोराचा वारा आणि कमी हवेचा दाब असेल तर पाणी कोष्टकापेक्षा जास्त चढतं आणि लवकर येतं. अशा दिवशी बेत रद्द. कवितेत वादळ आहे म्हणून वादळात जायची गरज नाही, काठावरून वाचा.

रोसेस पॉइंट सोपं आहे, पक्की पायवाट आहे. समोर खाडीच्या तोंडाशी मेटल मॅन हा खलाशाच्या वेशातला दिशादर्शक पुतळा दिसतो. येट्सच्या आजोळच्या नातलगांचं एल्सिनोर हे घर इथे पडक्या अवस्थेत आहे. आत शिरू नका, भिंती धोक्याच्या आहेत.

केतकीचं पान

वाटाड्या घ्यावाच का? आम्ही चौघं आहोत, सगळे साठीच्या आसपास, चालायची सवय आहे. पैसे वाचले तर बरंच, पण नुसती ठिकाणं बघून परत यायचं नाही.

आडवाट

केतकी, सगळ्या दिवसांना नको. इनिसफ्री, डूनी, कूल पार्क ही आपली आपण होतात. ड्रमक्लिफ-लिसाडेलच्या दिवशी आणि बेलाहीला मात्र घ्याच. तिथे जमिनीवर दिसतं त्यापेक्षा जमिनीखालचं आणि कुटुंबांमधलं जास्त आहे.

ठरवण्याआधी त्यांना चार प्रश्न विचारा. गटात जास्तीत जास्त किती माणसं? पंधराच्या वर गेलं की मागच्यांना वाऱ्यात काही ऐकू येत नाही. किती थांबे? अडीच तासांत पाच-सहा पुरेत; बारा सांगितले तर ती कवितेची सैर नव्हे, फोटोंची. कविता पूर्ण वाचता की दोन ओळी? आणि पाऊस लागला तर काय? 'पाऊस लागत नाही' असं उत्तर मिळालं तर दुसरा माणूस शोधा. प्रजासत्ताक आयर्लंडमध्ये फॉल्चे आयर्लंड या पर्यटन मंडळाच्या मान्यतेचा बिल्ला असलेले वाटाडे असतात. बिल्ल्यावरून इतिहास पक्का आहे हे कळतं. कवितेचा कान आहे की नाही हे कळत नाही, म्हणून प्रश्न.

आता तिसरा दिवस. ड्रमक्लिफ स्लायगोच्या उत्तरेला सुमारे ८ किमी. एन१५ या महामार्गावरून चालत जायचा विचार करू नका, वाहनं वेगात असतात आणि कडेला जागा नाही. बस किंवा टॅक्सी. सकाळी लवकर पोहोचलात तर सहलीच्या बस यायच्या आत येट्सचं थडगं शांतपणे बघता येतं. येट्सचे पणजोबा इथले धर्मगुरू होते. आवारात जुना कोरीव उंच क्रॉस आहे, आणि रस्त्यापलीकडे गोल मनोऱ्याचा बुंधा. कोलमकिले या संताचा मठ इथे सहाव्या शतकात होता.

'अंडर बेन बुल्बेन' ही सहा भागांची कविता आहे, ९० हून अधिक ओळींची. ती सगळी थडग्यापाशी वाचायचा हट्ट नको. फक्त शेवटचा, सहावा भाग वाचा. पर्वत, चर्चचं आवार, पूर्वज, जवळचाच चुनखडीचा दगड आणि त्यावर कोरायच्या तीन ओळी, असं सगळं त्यात क्रमाने येतं, आणि नजर त्याच क्रमाने फिरवता येते. घोडेस्वाराला 'थंड नजरेने बघ आणि पुढे हो' असं सांगणाऱ्या त्या ओळी दगडावर आहेतच.

चांगला वाटाडा इथे अस्थींचा विषय टाळत नाही. येट्स १९३९ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये वारला, रोकब्रुनला पुरला गेला. पुढच्या काही वर्षांत ते थडगं तसं राहिलं नाही, हाडं सामायिक अस्थिगृहात गेली. १९४८ मध्ये आयरिश नौदलाच्या 'माखा' या जहाजातून अवशेष गॉलवेला आणि तिथून ड्रमक्लिफला आणले. ते त्याचेच का, ही शंका तेव्हापासून आहे. थडग्यापाशी हे सांगणं काहींना उद्धटपणा वाटतो. मला वाटतं, ती थंड नजरेची ओळ कळायला ही माहिती हवीच.

लिसाडेल हे गोर-बूथ कुटुंबाचं घर, आता खाजगी मालकीचं, हंगामातच उघडं असतं. वेळा आधी बघा. येट्सची कविता इथल्या दोन बहिणींवर : ईव्हा १९२६ मध्ये गेली, कॉन्स्टन्स मार्किएविच १९२७ मध्ये. कॉन्स्टन्स १९१६ च्या उठावात होती आणि १९१८ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली, पण तिने जागा घेतली नाही. कवितेत दक्षिणेकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या आणि संध्याकाळचा उजेड आहे. घर खरंच दक्षिणेला, खाडीकडे तोंड करून आहे, तेव्हा शेवटच्या प्रवेशाची वेळ साधा. सकाळी अकराला ही कविता तिथे फुकट जाते.

ओलीमाती

आवाराच्या पुढचं, म्हणजे बेनबुल्बेनबद्दल. उंची ५२६ मीटर, आकडा ऐकून सह्याद्रीवाल्यांना हसू येतं. हसू नका. वर सपाटी आहे ती दलदलीची, पीटची. ढग उतरला की दिशा कळत नाही आणि उत्तरेची कडा सरळ तुटते. माथा हा कठीण चुनखडीचा थर, खाली मऊ शेल. शेल झिजते, वरची चुनखडी सुळक्यासारखी उभी तुटते, म्हणून ती उभ्या चुण्यांची भिंत दिसते. कवितेसाठी ती खालूनच बघायची आहे. गॉर्टारोवीची सुमारे साडेपाच किमीची वर्तुळाकार वाट त्यासाठीच केलेली आहे, डोंगराच्या पायथ्याच्या जंगलातून जाते आणि मध्येच भिंत पूर्ण समोर येते.

महत्त्वाचं : आयर्लंडमध्ये कोणाच्याही जमिनीतून चालायचा सरसकट हक्क नाही. कुंपण ओलांडलं की तुम्ही शेतकऱ्याच्या मेंढ्यांच्या रानात आहात. लिसाडेलच्या वाटांवरून तर खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१३ मध्ये घराच्या आवारातल्या बहुतेक वाटांवर सार्वजनिक हक्क नाही असा निकाल लागला. 'जुन्या नकाशात वाट आहे' हे कारण चालत नाही.

नॉकनरे ३२७ मीटर. ढगात चढू नये, त्याच्यासाठी निरभ्र दिवस राखून ठेवा. माथ्यावर दंतकथेतल्या मेव्ह राणीचा म्हणून ओळखला जाणारा दगडांचा प्रचंड ढीग आहे, नवाश्मयुगीन, अजून न उकरलेला. दगडांवर चढू नये, दगड उचलू नये, नेऊही नये. ढीग ढासळतो आहे. दक्षिणेकडच्या वाहनतळावरून वर जायला पाऊण तास धरा. स्ट्रँडहिलकडून लाकडी फळ्यांची वाट आहे, ती लांब आणि चढाची, पण पायाखाली कोरडी. 'द होस्टिंग ऑफ द शी' वर वाचायची. सोळाच ओळी, आणि वाऱ्यात आवाज चढवावा लागतो, ते त्या कवितेला मानवतं.

आडवाट

ओलीमाती, एका मुद्द्यावर जरा वेगळं मत. ढगात नॉकनरे चढू नये हे बरोबर, पण निरभ्र दिवस राखून ठेवायची गरज नाही. ढग माथ्याला टेकून असतील त्या दिवशी तो खालून, कमीनवरून बघावा. हॅनरहनची कविता तेव्हाच दिसते. निरभ्र दिवस बेनबुल्बेनच्या वाटेला द्या.

ग्लेनकार राहिलं. धबधबा १५ मीटरच्या आसपास, वाहनतळापासून पाच मिनिटांची पक्की वाट, चाकाची खुर्चीही बऱ्याच अंतरापर्यंत जाते. तांत्रिकदृष्ट्या हा लायट्रिम परगण्यात येतो. 'स्टोलन चाइल्ड'मध्ये डोंगरावरून भटकत येऊन कोसळणारं पाणी आहे ते हेच.

ओलीमाती

त्याच खोऱ्यात थोडं पश्चिमेला डेव्हिल्स चिमणी म्हणतात तो धबधबा आहे, सुमारे १५० मीटर. पाऊस पडून गेल्यावरच वाहतो, आणि दक्षिणेचा वारा असला की पाणी वर उडतं. आपल्याकडे नाणेघाटात पावसाळ्यात दिसतं तसं. येट्सशी थेट संबंध नाही, पण तिथवर जाऊन चुकवू नये.

टिटवी

गॉर्ट आणि कूल पार्कबद्दल मी लिहिते. 'वाइल्ड स्वान्स अॅट कूल' वाचून लोक जुलैत जातात आणि तळं कुठे आहे म्हणून विचारतात. तळं नसतंच, किंवा अगदी आक्रसलेलं असतं. कूलचं तळं टर्लोख प्रकारचं आहे. जमीन चुनखडीची, पाणी भूगर्भातल्या भेगांतून वर येतं आणि त्याच भेगांतून उतरतं, काठाला वाहती नदी असावी लागत नाही. पावसाळी महिन्यांत भरतं, उन्हाळ्यात जागी कुरण दिसतं. कवितेत ऑक्टोबरची सांज, कोरड्या वाटा आणि दगडांमध्ये काठोकाठ पाणी आहे. वाटा कोरड्या आणि पाणी भरलेलं हे दोन्ही एकाच वेळी मिळायचा काळ म्हणजे ऑक्टोबर.

पक्ष्यांचंही तसंच. मूक हंस बारमाही असतात. आइसलँडहून येणारे हूपर हंस साधारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. ओळखायला चोच बघा : मूक हंसाची नारिंगी आणि कपाळाशी काळी गाठ, हूपरची पिवळी-काळी, मान सरळ. एकोणसाठ मोजायला जाऊ नका, कवितेतला माणूससुद्धा मोजून पुरा व्हायच्या आत ते उडतात.

कूल पार्क हे येट्सची लेखिका मैत्रीण लेडी ग्रेगरी हिचं. तिचं घर १९४१ मध्ये पाडलं, आता फक्त जोतं आहे. भिंतीआडच्या बागेत ताम्रवर्णी बीचचं झाड आहे, त्यावर येट्स, सिंग, शॉ वगैरे लेखकांची आद्याक्षरं कोरलेली. झाडाला कठडा आहे. साल वाढून अक्षरं पसरली आहेत, फलक शेजारी धरून वाचावी लागतात. प्रवेश मोफत. सेव्हन वुड्स ही वाट साडेचार किमी, लहान वाट पावणेदोन किमी. हंसांसाठी तळ्याकडची बाजू, संध्याकाळी. सूर्यास्ताच्या तासभर आधी काठावर असा. मात्र फाटक बंद व्हायची वेळ बघून. ती ऋतूप्रमाणे बदलते.

गॉर्टला गॉलवे-लिमरिक रेल्वेचं स्थानक आहे, बाग तिथून उत्तरेला साधारण ३ किमी. थूर बॅलिली हा येट्सचा मनोरा गॉर्टपासून ईशान्येला ६-७ किमी, तिथे टॅक्सीच. १९१७ च्या सुमारास त्याने तो ३५ पौंडांना घेतला. जिना दगडी, गोल, अरुंद. गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजला आणि पुलावरून समाधान मानावं. नदी अगदी भिंतीला लागून असल्याने पुराचं पाणी आत शिरतं, २००९ आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यांत फार नुकसान झालं. म्हणून मनोरा उन्हाळी महिन्यांतच आतून बघायला मिळतो. गंमत अशी की हंसांसाठी उशीर करावा तर मनोरा बंद, मनोऱ्यासाठी लवकर जावं तर हंस नाहीत. एकच निवडायचं असेल तर मी हंस निवडेन.

शाईचा डाग

वाटाड्याशिवाय जाणाऱ्या गटांसाठी कविता वाचण्याचं तंत्र.

एका थांब्याला एकच कविता, शक्यतो ३० ओळींच्या आत. इनिसफ्री १२, हॅनरहन १५, डूनी २०, 'साँग ऑफ वाँडरिंग अॅन्गस' २४, कूलचे हंस ३०. याहून मोठी असेल तर आधी ठरवून एक भाग. आधी दोन मिनिटं माहिती, मग कविता, मग एक-दोन मिनिटं कोणीही काही बोलायचं नाही. माहिती कवितेनंतर दिली की लोक ऐकलेलं विसरतात.

वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करावी म्हणजे आवाज ऐकणाऱ्यांकडे जातो. अडचण अशी की मग वारा आणि पाऊस ऐकणाऱ्यांच्या तोंडावर. म्हणून थांबा निवडताना दगडी कुंपण, झाडी, चर्चची भिंत असा आडोसा आधी बघा, दृश्य नंतर. धबधब्याच्या पुढ्यात कधीच वाचू नका, पन्नास पावलं मागे या.

कागद : ए५ आकार, अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको, लेझर छपाई. इंकजेटची शाई पहिल्या सरीला पसरते. लॅमिनेट केलं तर चकाकी येते, मॅट प्लास्टिक घ्या. फोनवरून वाचणं टाळा, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

हक्कांचं : येट्सला जाऊन ७० वर्षं होऊन गेली, त्याच्या हयातीत छापलेल्या कविता २०१० पासून तिथे मुक्त आहेत. कॅव्हना १९६७ मध्ये गेला, हक्क २०३७ अखेरपर्यंत. हीनी २०१३, म्हणजे २०८३ अखेरपर्यंत. या दोघांच्या कविता छापून वाटायच्या, गटाच्या पानावर टाकायच्या, तर परवानगी लागते. प्रत्येकाने आपलं पुस्तक आणावं, हे सोपं.

केतकीचं पान

शाईचा डाग, फार उपयोगी. अॅन्गसची कविता कुठे वाचायची? हेझलवुड म्हणून जागा नकाशात दिसते.

शाईचा डाग

लॉख गिलच्या वायव्य टोकाला हेझलवुड आहे, गावापासून ४-५ किमी, सपाट जंगलवाट. कवितेतलं हेझलचं रान ते हेच असं लोक धरतात, नाव जुळतं म्हणून. काठावर हाफ मून बे आहे, पाणी उथळ, पहाटे कोणी नसतं. सूर्योदयाला वाचा, कारण कवितेत तारे विझताना मासा धरला जातो. जूनमध्ये मात्र सूर्योदय पाचच्या सुमारास, हे गटाला आधी सांगा!

वऱ्हाडी

थोडं अवांतर, पण मराठी माणसाने ड्रमक्लिफला उभं राहताना हे माहीत असावं. येट्सने उतारवयात ज्या श्री पुरोहित स्वामींबरोबर दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं (१९३७), ते स्वामी बडनेऱ्याचे, जन्म १८८२, घरात मराठी. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांनी मानसरोवर-कैलासाच्या यात्रेवर मराठीत लिहिलं होतं. स्वामींनी त्याचं इंग्रजी केलं आणि १९३४ च्या त्या पुस्तकाला प्रस्तावना येट्सची आहे. त्याच सुमाराचं त्याचं 'मेरू' नावाचं सुनीत वाचा, बर्फातल्या गुहांमधले संन्यासी त्यात आहेत. बेनबुल्बेनवरची कविता त्यानंतरची, १९३८ ची. वाटाड्यांना हा दुवा सहसा माहीत नसतो, तुम्हीच सांगा.

बांधावरचा

कॅव्हनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. येट्सच्या प्रदेशात दृश्य मोठं आहे, कॅव्हनाकडे नाही, आणि तोच त्याचा मुद्दा. मोनॅहन परगण्यातलं इनिस्कीन, त्यातली मकर ही वाडी, जन्म १९०४. हिमनद्यांनी सोडलेल्या चिकणमातीच्या अंड्याच्या आकाराच्या टेकड्या एकीला लागून एक. माती जड, पाणी धरून ठेवणारी, दगडगोट्यांची. राखाडी दगडाळ मातीला उद्देशून लिहिलेली त्याची कविता वाचण्याआधी पावसानंतर शेताच्या फाटकाशी उभे राहा आणि बूट बघा.

'शँकोडफ' वाचायची तर टेकडीच्या उत्तरेच्या उताराकडून. त्या टेकड्यांना सूर्य दिसत नाही ही तक्रार नुसती कवीची नाही. उतार उत्तरेला असला की हिवाळ्यात ऊन खरंच पोहोचत नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी बाराला जा.

सुरुवात गावातल्या पॅट्रिक कॅव्हना सेंटरपासून, ते जुन्या चर्चमध्ये आहे, थडगं बाहेरच. पुढच्या वाटा म्हणजे चालू रस्ते : अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, पदपथ नाही. उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, एका रांगेत चालायचं, पुढच्या आणि मागच्या माणसाने चकाकणारं जाकीट घालायचं. घरं आणि शेतं खाजगी.

वेळ नसेल तर डब्लिनमध्येच अर्धा तास. बॅगट स्ट्रीट पुलाजवळ ग्रँड कॅनॉल. १९५५ च्या फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर तो इथे बसायचा. थडगं नको, कालव्याकाठी बाक द्या, अशा अर्थाची त्याची कविता आहे. मित्रांनी १९६८ मध्ये दक्षिण काठावर बाक उभारला. समोर उत्तर काठावर बाकावर बसलेला त्याचा पुतळा १९९१ चा. बहुतेक जण पुतळ्याजवळ फोटो काढून जातात. मूळ बाक समोरचा. लॉकच्या दारातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज कवितेत आहे, तो तिथे नीट ऐकू येतो.

सीमापार

हीनी. आधी कागदपत्रं, कारण बेलाही उत्तर आयर्लंडमध्ये आहे, म्हणजे युनायटेड किंगडम. सीमेवर नाका नाही, पण भारतीय पारपत्रावर आयर्लंडचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. दोन्हीकडे जायचं तर अल्पमुदतीच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा हवा, आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. शेरा नसेल तर वेगळा व्हिसा काढा. सीमेपलीकडून येणाऱ्या बसमध्ये तपासणी होते. पलीकडे चलन पौंड, रस्त्यावरच्या पाट्या मैलांत.

बेलाहीत हीनी होमप्लेस २०१६ मध्ये उघडलं, जुन्या पोलीस ठाण्याच्या जागेवर. इथे दोन तास धरा, त्याच्या आवाजातल्या कविता ऐकून मगच बाहेर पडा. सेंट मेरीज चर्चच्या आवारात थडगं. आपल्या शहाणपणाला न जुमानता हवेवर चालत राहा, अशा अर्थाची त्याची ओळ दगडावर आहे. हीनीचं जन्मघर मॉसबॉन हे कॅसलडॉसन आणि टूम या गावांच्यामध्ये होतं. १९५३ मध्ये धाकटा भाऊ ख्रिस्तोफर रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्यानंतर कुटुंब बेलाहीजवळ राहायला आलं.

चालण्याची जागा लॉख बेगचा काठ. समोर चर्च आयलंडवरचा मनोरा. अठराव्या शतकाच्या शेवटी एका बिशपने दृश्य शोभावं म्हणून बांधलेला. 'स्ट्रँड अॅट लॉख बेग' ही चुलतभावाच्या हत्येवरची कविता इथे वाचतात, आणि वाटाडा हवा तो यासाठी. तिच्यातला रात्रीचा रस्ता कुठला, गुरं, दंव, बोरू कुठले, हे स्थानिक माणूसच दाखवतो. कुरण हिवाळ्यात पाण्याखाली असतं, बेटापर्यंत कोरड्या पायाने जाणं उन्हाळ्यातच, तेही पातळी उतरलेली असेल तर. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. गुरं मोकळी असतात, वासरू आणि गाय यांच्या मधून जायचं नाही. लॉख नेय आणि या भागात २०२३ पासून उन्हाळ्यात निळं-हिरवं विषारी शेवाळ येतं. पाण्यात हात घालू नका.

ओलीमाती

कपड्यांचं दोन ओळींत. जीन्स नको, भिजली की दिवसभर भिजलेली. जाकिटाबरोबर पावसाळी विजारही. छत्री वाऱ्यात उलटते. बंद टाचेचे बूट आणि सुके मोजे पिशवीत. फर्न आणि उंच गवतात गोचीड असतात, विजार मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे आणि कंबरेला तपासा, निघालीच तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. संकटात ११२, डोंगरावर असाल तर माउंटन रेस्क्यू मागा.

केतकीचं पान

सगळ्यांचे आभार. मग महिना कोणता? आम्हाला स्लायगो आणि गॉर्ट नक्की, बेलाही जमलं तर.

आडवाट

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. स्लायगोत सूर्यास्त सातच्या सुमारास, म्हणजे लिसाडेलचा उजेड आणि कूलची सांज दोन्ही माणसाच्या वेळेत येतात. जूनमध्ये त्यासाठी रात्री दहापर्यंत जागावं लागतं, डिसेंबरमध्ये सव्वाचारला काळोख. लिसाडेल आणि होमप्लेसच्या वेळा त्या आठवड्यासाठी तपासा, लिसाडेल बंद असेल तर ती कविता ड्रमक्लिफच्या खाडीच्या दक्षिण काठावरून घराकडे बघत वाचा. महिनाअखेरीपर्यंत लांबवू नका, शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळ एकदम तासाने आखडते.

स्लायगो ते गॉर्ट थेट रेल्वे नाही. गॉलवेपर्यंत बस, तिथून रेल्वे. रविवारी फेऱ्या कमी, तेव्हा हा टप्पा आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवा.

गलबत

आणि कोनी आयलंड करणार असाल तर तारखा ठरल्या की इथे टाका, भरतीची कोष्टकं बघून वेळ सांगतो. ऑक्टोबरमध्ये घड्याळ अजून पुढेच असतं, तो एक तास मिळवायचाच.